गुलाल, गंध आणि जनरल रजिस्टर

चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा होते. सकाळची शाळा असते तेव्हा. यात्रेनंतरचे दोन-तीन दिवस पन्हाळा-करवीर पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेत जा, निम्मा वर्ग गुलाबी दिसतो. केसांत गुलाल, कॉलरला गुलाल, वहीची पानं उलटली तर त्यांतही गुलाल. तिकडं हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा झाली की पोरं कपाळभर भंडारा घेऊन येतात आणि बाकांवर पिवळी बोटं उमटतात. गुरुजी रागावतात ते ‘डोकं धुऊन येत जा की रे’ म्हणून. धार्मिक चिन्ह लावून वर्गात आलास म्हणून कुणी कुणाला रागावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रागावायचं कारणही नाही. जत्रा करून आलेलं पोर जत्रेचा रंग घेऊनच येणार.

पण हीच गुरुजी मंडळी ‘शाळेत धर्म आणायचा नाही’ असंही मनापासून सांगतात, आणि त्यात त्यांना विसंगती दिसत नाही. गुलाल हा त्यांच्या लेखी धर्म नसतोच. तो गावाचा रिवाज असतो. धर्म म्हणजे डोक्यावरचा रुमाल, गोल टोपी, गळ्यातला क्रॉस. शाळेतल्या धर्मचिन्हांबद्दल शिक्षकांना काय वाटतं, या प्रश्नाची मेख मला इथंच दिसते. मुलांनी काय घालावं, काय घालू नये यावर आपण वाद घालतो. शिक्षकाच्या डोळ्याला कोणती खूण दिसते आणि कोणती दिसतच नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

शाळेत सगळ्यांत आधी कोणती धर्मखूण उमटते? ती कपाळावर नसते, कागदावर असते. पहिलीत नाव घालायला आलेल्या पोराची नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते: नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि धर्म, जात, पोटजात. वीस वर्षांनीही शाळा सोडल्याचा दाखला त्याच ओळीवरून निघतो. पोर अजून ‘अ’ गिरवायला शिकलेलं नसतं आणि त्याचा धर्म गुरुजींच्या हस्ताक्षरात पक्का झालेला असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांत ‘हिंदू महार’ की ‘बौद्ध’ हा झगडा याच रकान्यात झाला. गुरुजींनी जुन्या सवयीनं काय लिहिलं, यावर पुढं सवलती अडल्या आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२३ च्या हिवाळ्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा शाळांच्या कपाटांतली जुनी रजिस्टरं धूळ झटकून बाहेर काढावी लागली. शाळा धर्मापासून अलिप्त आहे म्हणणाऱ्यानं एकदा ते कपाट उघडून पाहावं.

हा सगळा इतिहास कोल्हापूरला तरी नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात एक तक्रार थेट शिक्षकांबद्दलची होती: प्राथमिक शाळांतले पंतोजी जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार झाले पाहिजेत. शिकवणारा कोण आहे यावर शाळेत काय पवित्र ठरतं ते अवलंबून असतं, हे फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

शाहू महाराजांच्या काळात हा प्रश्न राजवाड्याच्या दारात आला. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर वेदोक्ताचं प्रकरण उभं राहिलं. कुणासाठी कोणते मंत्र म्हणायचे, हा वाद दिसायला पुरोहिताचा, पण मुळात तो चिन्हांच्या मालकीचा होता. त्याच सुमाराची एक गोष्ट कमी सांगितली जाते. महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिलं होतं. ते चाललं नाही. हळूहळू ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैनांचं. १९०६ मध्ये मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. पाठोपाठ लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी. आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, गव्हर्नरच्या मुलीच्या नावानं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं.

आजच्या चष्म्यातून हे सगळं विचित्रच वाटेल. धर्म-जात बाजूला ठेवा असं या राजानं म्हटलं नाही. ज्याचं त्याचं बोर्डिंग, ज्याचं त्याचं स्वयंपाकघर, ज्याची त्याची प्रार्थना. जमीन आणि मदत दरबाराची. आधी प्रत्येकाला आपल्या खुणांसकट शाळेच्या दारापर्यंत आणायचं, पुढचं पुढं. पुढचंही त्यांनीच केलं: १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत. त्याच १९१९ मध्ये राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हवाली केलं, हेही विसरून चालणार नाही. संस्थानाचं मुख्य कॉलेज एका धर्मसुधारक पंथाकडं सोपवणारा हा राजा फ्रेंच पद्धतीचा धर्मनिरपेक्ष नव्हता. त्याला ओढून-ताणून तसं करणाऱ्या भाषणांचा मला कंटाळा आला आहे.

दुसरं उत्तरही कोल्हापुरातच जन्मलं, आणि तेही एका बोर्डिंगमध्ये. कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा जैन मुलगा राजाराम हायस्कुलात शिकत होता, जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर आंघोळ करूनच पंगतीत बस, असं त्याला सांगण्यात आलं. तो बसला नाही, आंघोळही केली नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्यांच्या चरित्रांतून ही हकिगत अशी येते. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात महार, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका चुलीवर जेवायला बसवली. संस्थेचं बोधचिन्ह म्हणून वड निवडला. कुठल्या देवाचं नव्हे, झाडाचं चिन्ह.

तेव्हा कोल्हापूरच्या शिक्षकाला वारशात दोन उत्तरं मिळाली आहेत. शाहूंचं उत्तर: ज्याची त्याची खूण राहू दे, सगळ्यांना सारखा हात दे. भाऊरावांचं उत्तर: पंगतीत बसताना खूण दाराबाहेर ठेव. दोन्ही उत्तरांमागं विचार होता, किंमत मोजायची तयारी होती. आजची शाळा यांतलं कुठलंच पाळत नाही. ती तिसऱ्याच वाटेनं चालते: बहुसंख्याकांची खूण ती वातावरण समजते आणि बाकीच्यांची खूण तिला अडचण वाटते. हा कुणाचा कावा नाही, सवय आहे. आणि सवय काव्यापेक्षा चिवट असते.

परिपाठाचंच पाहा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, पसायदान. २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन आलं, २०२३ पासून राज्यगीत आलं. शिक्षक खासगीत कुरकुरतात की पहिल्या तासाला पोचेपर्यंत पोरं उभी राहून दमतात. यातलं पसायदान आणि साने गुरुजींची प्रार्थना यांच्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘हे कुठं धार्मिक आहे?’ ते अगदीच चूक नाही. ज्ञानेश्वर पसायदानात कुठल्या एका देवाचं नाव घेत नाहीत, आणि पंढरीच्या विठोबाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसणाऱ्या साने गुरुजींनी संकुचित काही लिहिलं असेल असं कुणी म्हणणार नाही. पण प्रार्थनेतले शब्द कितीही मोकळे असोत, हात जोडायची, डोळे मिटायची रीत एका घरातून आलेली आहे. ज्याच्या घरात ती आहे त्याला ती दिसत नाही.

ती ज्यांना दिसली असे नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतले बौद्ध शिक्षक होते. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेनं हा शिस्तभंग ठरवला, वेतनश्रेणी अडवली. ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळं गात नसत. घटनेचं २८ वं कलम तर स्पष्टच आहे: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय कुणाला त्यात बसवायचं नाही. मग सकाळची प्रार्थना ‘धार्मिक शिक्षण’ होते का? केंद्रीय विद्यालयांच्या प्रार्थनेवरून हा प्रश्न २०१९ मध्ये घटनापीठाकडं सोपवला गेला. नाशिकचा निकाल मी ज्या ज्या शिक्षकांना सांगितला त्यांतल्या बहुतेकांना तो माहीत नव्हता. एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बरोबर असंल, पण त्यांनी हात जोडले असते तर काय बिघडलं असतं?’ हा प्रश्न दुष्टपणानं विचारलेला नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड गेलं.

भिंतींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ऑफिसच्या भिंतीवर शाहू, फुले, आंबेडकर, सावित्रीबाई, शिवाजी महाराज असतात आणि त्याच ओळीत कुठं तरी सरस्वती किंवा गणपती. २०१७ च्या जानेवारीत शासकीय कार्यालयांत आणि शाळांत देवदेवतांच्या तसबिरी नकोत असं परिपत्रक निघालं आणि गदारोळ होताच मागं घेतलं गेलं. शाळेतल्या माणसांनी यावरून एवढंच शिकून घेतलं की तसबिरीला हात लावायचा नाही. लावायचा असेल तर फक्त हार घालायला. २०२२ च्या सप्टेंबरात छगन भुजबळांनी ‘शाळांत सरस्वती कशाला, सावित्रीबाई लावा’ अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हा पुन्हा वादळ उठलं. त्या आठवड्यात एका स्टाफरूममध्ये मी बसलो होतो. दोन तट पडतील असं वाटलं होतं, पडले नाहीत. एक बाई म्हणाल्या, ‘आमच्यात दोघीही आहेत, एकमेकीला काही म्हणत नाहीत.’ सगळे हसले आणि डबे उघडले.

ते हसणं सोयीचं होतं खरं. मला मात्र माझी चौथी आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असायचं. एकाचे आकडे कोनात जोडत जोडत काढलेली सरस्वती आम्ही पाटीवर काढायचो. ज्याचे आकडे सारखे, त्याची पाटी पुढं. त्या वर्षी आमच्यातल्या एकानं सरस्वती काढलीच नाही. वडिलांनी सांगितलं होतं म्हणून त्यानं पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘सावित्रीबाई फुले’ लिहून आणलं. बाई थोडा वेळ पाटीकडं बघत राहिल्या. त्यांनी ती पुसली नाही, त्याला ओरडल्याही नाहीत. पाटी रांगेत सगळ्यांत शेवटी ठेवली. झेंडूचं फूल सगळ्या पाट्यांवर वाहिलं तसं तिच्यावरही वाहिलं. हळदीकुंकवाची चिमूट मात्र तिथवर पोचेपर्यंत संपली, की बाईंनी हात आवरता घेतला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या बाई चांगल्या होत्या, एवढं सांगता येतं.

बाईंच्या स्वतःच्या कपाळावर त्या दिवशी रुपयाएवढं कुंकू होतं. शिक्षकाच्या अंगावरच्या खुणेबद्दल जगभर कडाक्याचे वाद झाले आहेत. फ्रान्सनं २००४ मध्ये सरकारी शाळेतल्या मुलांना ठळक धर्मचिन्हं घालायला बंदी केली. शिक्षकांना ती मुभा तिथं आधीपासूनच नव्हती. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतानं २०१९ मध्ये कायदा करून नव्यानं नेमलेल्या शिक्षकांना पगडी, हिजाब, क्रॉस सगळंच मना केलं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २०१५ मध्ये उलट सांगितलं की शिक्षिकेच्या डोक्यावरच्या रुमालावर सरसकट बंदी घालता येत नाही. इटलीत भिंतीवरच्या क्रूसाचं भांडण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये क्रूस भिंतीवरच राहिला. यांतली कुठलीही व्यवस्था कोल्हापुरात जशीच्या तशी आणली तर पहिल्याच दिवशी कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, वारकरी गुरुजींची तुळशीची माळ, गडहिंग्लजकडच्या लिंगायत सरांची विभूती, सगळ्यांची मोजदाद करावी लागेल, आणि शाळेत शिकवायला कुणी उरणार नाही. १५ मार्च २०२४ ला राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, बाईंनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता, सरांनी शर्ट पँटमध्ये खोचलेला, नावापुढं ‘टीआर’ लावायचं. टिकली-माळेबद्दल अवाक्षर नाही. ज्याचा उल्लेखच करावा लागत नाही, ती गोष्ट सगळ्यांत घट्ट बसलेली असते.

याच खुणांबद्दल सगळ्यांत धीट पाऊल शाळेनं नव्हे, एका ग्रामपंचायतीनं टाकलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवा असं सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं. या ठरावाचा शाळेशी संबंध काय, असं कुणी विचारेल. जिल्ह्यात किती तरी शिक्षिका विधवा आहेत. पतीच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्याही आहेत. शाळेच्या हळदीकुंकवाला वाण कुणाला द्यायचं, गणपतीच्या आरतीचं ताट कुणाच्या हातात द्यायचं, हे स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं न बोलता ठरत आलं आहे. तिथं ज्या बाईला वगळलं जातं तिला धर्मचिन्ह म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. तिच्या कपाळावरची खूण तिच्या परवानगीशिवाय पुसली गेलेली असते.

२०२२ च्या सुरुवातीला उडुपीचं हिजाब प्रकरण पेटलं. कर्नाटक सरकारचा ५ फेब्रुवारीचा आदेश, १५ मार्चचा उच्च न्यायालयाचा निकाल, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं. निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर; बातमी सीमा ओलांडून यायला वेळ लागला नाही. पण कोल्हापुरातले शिक्षक तेव्हा फारसे बोलले नाहीत. शाळेच्या फाटकात मुलीला रुमाल काढायला लावायचं काम तिकडं शिक्षकांवरच आलं होतं, आणि त्याची छायाचित्रं पाहून इथल्या पुष्कळांच्या पोटात गोळा आला होता. ‘आपल्यावर ही वेळ येऊ नये बाबा’, एवढंच. चेंबूरच्या एका महाविद्यालयानं २०२४ मध्ये हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली, उच्च न्यायालयानं ती उचलून धरली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या मोठ्या भागाला स्थगिती दिली. सुनावणीत न्यायमूर्तींनी महाविद्यालयाला विचारलं की मग टिळा लावून येणाऱ्याचं काय करणार. जोतिबाच्या गुलालाबद्दल मी जे वर म्हटलं, तेच दिल्लीत विचारलं गेलं.

७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याच महिन्यात शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेनं वर्गात धर्म आणि गुन्हेगारी यांवर मुलांशी केलेल्या चर्चेचा व्हिडिओ पसरला आणि त्यांना रजेवर जावं लागलं. त्याआधी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका प्राध्यापकावर स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो मार्च २०२४ मध्ये रद्द केला. निकाल यायला दीड वर्ष गेलं. शिक्षकांची आजची वृत्ती काय, याचं उत्तर मला या दीड वर्षात सापडतं. वर्गातला कुठला पोरगा मोबाइल खिशात घालून बसलाय, हे शिकवणाऱ्याला माहीत नसतं. इतिहासाच्या तासाला औरंगजेब आला की धडा वाचून दाखवायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, पुढचा धडा घ्यायचा. २०२४ च्या मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक, गीतेचा अध्याय आणि मनुस्मृतीचा श्लोक आला, राज्यभर वाद झाला. ज्यांना हे शिकवायचं होतं त्यांच्यातून जाहीर आवाज फार थोडे उठले. प्राध्यापक एन. डी. पाटलांसारखा माणूस असता तर तावडे हॉटेलपासून बिंदू चौकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं असतं. ते जानेवारी २०२२ मध्ये गेले. गोविंद पानसरे तर २०१५ मध्येच गोळ्या घालून मारले गेले.

शाळेच्या भिंतीबाहेर मात्र अजून वेगळं दिसतं. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पेठांतल्या तालमींत पंजे आणि मूर्ती शेजारी-शेजारी बसतात. कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसवतात, आणि याची कुणी बातमी केली तर तिथल्या लोकांना नवल वाटतं ते बातमीचं. ही सगळी माणसं कुठल्या तरी शाळेतून शिकून बाहेर पडली आहेत. हे त्यांना शाळेनं शिकवलं असं मात्र म्हणवत नाही. पाठ्यपुस्तकात बाबूजमाल नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्र असतं, पाठाचं टाचण असतं. वर्गातल्या एकुलत्या एका मुसलमान मुलाकडं रमजानात डबा खायच्या सुट्टीत कसं बघायचं, याचं टाचण नसतं. अंड्याचा प्रश्न आला तेव्हाही तेच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. शिरोळ-हातकणंगल्यात जैन-लिंगायत वस्ती दाट. कुणाच्या ताटात काय वाढायचं हे बघता बघता गुरुजींच्या हाती आपोआप आणखी एक धर्माची यादी आली.

माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक आहेत, दोनशिक्षकी शाळा, करवीर तालुक्यातच. गेल्या जूनमध्ये एक बाप पोराचं नाव घालायला आला. आंतरधर्मीय लग्न. ‘धर्माचा रकाना मोकळा ठेवा गुरुजी’, तो म्हणाला. कुठलाही धर्म नाही असं सांगायचा नागरिकाला हक्क आहे, सरकारला जबरदस्तीनं धर्म विचारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलंय. ते कात्रण त्यानं बरोबर आणलं होतं. गुरुजींनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. त्यांनी विस्तार अधिकाऱ्यांना विचारतो म्हणून सांगितलं. दुपार झाली, फोन आला नाही. पोर ओट्यावर बसून बिस्किट खात होतं.

शेवटी गुरुजींनी बाकी सगळे रकाने निळ्या शाईनं भरले. धर्माच्या रकान्यात शिसपेन्सिलीनं एक बारीक आडवी रेघ मारली, आणि खोडरबर टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला.